पाच पानांचा एक पेपर: संशोधनाचं वजन सायटेशनवरून ठरतं का?

गेल्या महिन्यात एक काका ओपीडीत आले. गुडघेदुखीसाठी ते वर्षभर माझ्याकडे येताहेत. या वेळी त्यांनी पिशवीतून एक डबा काढून टेबलावर ठेवला. कोलॅजन पावडरचा डबा, मुलीने ऑनलाइन मागवलेला. सोबत एक गुळगुळीत रंगीत पत्रक होतं. त्यातल्या एका ओळीखाली त्यांनी पेनने रेघ मारली होती. या पावडरच्या मागे असलेला पेपर आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये छापून आला आहे आणि शेकडो शास्त्रज्ञांनी त्याचा संदर्भ दिला आहे, अशा अर्थाची ती ओळ होती.

"डॉक्टर, एवढ्या शास्त्रज्ञांनी मानलंय. मग तुम्ही का नाही लिहून दिलंत?" काकांनी विचारलं. बोलता बोलता आणखी एक गोष्ट कळली. पावडरचा खर्च भागावा म्हणून त्यांनी दोन महिन्यांपासून फिजिओथेरपी बंद केली होती.

ओपीडीत मी त्यांना पाच मिनिटांत जमेल तेवढं सांगितलं. पण हा प्रश्न पाच मिनिटांचा नाही. आजकाल पेशंट मोबाईलवर पेपर उघडून दाखवतात, "याला इतकी सायटेशन आहेत" असंही सांगतात. म्हणून आज औषधाबद्दल न लिहिता एका शास्त्रज्ञाबद्दल लिहितो आहे. योगायोग असा, की कोलॅजनची रचना जगाला ज्यांनी पहिल्यांदा बरोबर दिशेने दाखवली, त्यांच्याच कामाचा इतिहास पाहिला की सायटेशनचा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे फार चांगलं कळतं. त्यांचं नाव जी. एन. रामचंद्रन.

आधी सायटेशन म्हणजे काय?

शास्त्रज्ञ पेपर लिहितो तेव्हा आधी कुणी काय काम केलं आहे, ते शेवटच्या यादीत नोंदवतो. तुमच्या पेपरचं नाव दुसऱ्याच्या यादीत आलं, की तुमच्या पेपरला एक सायटेशन मिळालं.

हे मोजण्याची पद्धत युजीन गारफिल्ड या अमेरिकन माणसाने रूढ केली. कल्पना त्यांना सुचली ती वकिलांच्या एका जुन्या सूचीवरून. एखाद्या जुन्या निवाड्याचा आधार पुढे कोणकोणत्या खटल्यांत घेतला गेला, हे त्या सूचीत सापडायचं. तसंच विज्ञानात करावं, असा लेख गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये लिहिला आणि १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' प्रसिद्ध होऊ लागला. मूळ हेतू साधा होता: एका पेपरवरून त्याच्याशी जोडलेले पुढचे पेपर शोधता यावेत. माणसांना गुण देण्याचं काम त्या यादीकडे नंतर आलं. नोकरी, बढती, अनुदान देताना आकडे पाहिले जाऊ लागले. २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 'एच इंडेक्स' सुचवला. एखाद्याच्या २० पेपरना प्रत्येकी किमान २० सायटेशन असतील, तर त्याचा एच इंडेक्स २०. आता तर हे आकडे पावडरच्या पत्रकावरही आले आहेत.

आता रामचंद्रन यांच्याकडे वळू.

कांगारूची शेपटी आणि तिपदरी गोफ

रामचंद्रन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ चा, केरळमधल्या एर्नाकुलमचा. वडील गणिताचे प्राध्यापक. मुलगा बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये १९४२ मध्ये दाखल झाला तो इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला. तिथे सी. व्ही. रामन यांनी त्याला हेरलं आणि आपल्या भौतिकशास्त्र विभागात ओढून घेतलं. पुढे केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतून पीएच. डी. करून रामचंद्रन १९४९ मध्ये परतले. १९५२ मध्ये मद्रास विद्यापीठाला भौतिकशास्त्राचा विभागप्रमुख हवा होता. रामन यांनी रामचंद्रन यांचं नाव सुचवलं. तेव्हाचे कुलगुरू ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार हे स्वतः नावाजलेले प्रसूतितज्ज्ञ डॉक्टर. त्यांनी तिशीतल्या या तरुणावर पूर्ण विश्वास टाकला आणि क्ष-किरणांची प्रयोगशाळा उभी करू दिली.

त्याच सुमारास जे. डी. बर्नाल हे ब्रिटिश शास्त्रज्ञ मद्रासला आले होते. बोलण्यात त्यांनी सांगितलं, की कोलॅजनची रचना अजून कुणालाच समाधानकारक सापडलेली नाही. मोठमोठ्यांचे प्रयत्न झाले होते. लायनस पॉलिंग यांनी १९५१ मध्ये मांडलेली रचनाही चुकीची ठरली होती. रामचंद्रन यांनी हा प्रश्न उचलला.

कोलॅजन म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं. तुमच्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण एक तृतीयांश एकटं कोलॅजन असतं. त्वचा, हाडं, कंडरा, लिगामेंट, कूर्चा, रक्तवाहिन्यांच्या भिंती, दातांच्या मुळांना धरून ठेवणारे धागे, या सगळ्यांची ताकद त्याच्यामुळे. इमारतीत सळया असतात, तसं. कातडं म्हणजेही मुख्यतः कोलॅजनच. त्यामुळे रामचंद्रन यांना मद्रासमध्येच एक उत्तम शेजारी मिळाला: केंद्रीय चर्म संशोधन संस्था. तिथून त्यांना कांगारूच्या शेपटीतली कंडरा मिळाली. तिच्यातले धागे इतके नीट एका दिशेत रचलेले असतात, की क्ष-किरणांची चित्रं स्वच्छ येतात.

ही चित्रं म्हणजे आपण दवाखान्यात काढतो तसे एक्स-रे नव्हेत. धाग्यावर किरण सोडले की ते ठरावीक कोनांत विखुरतात आणि फिल्मवर ठिपके उमटतात. ठिपक्यांवरून आतल्या अणूंची मांडणी ओळखायची. पाण्यावर उठलेल्या तरंगांवरून आत काय पडलं असेल ते सांगण्यासारखं हे काम. रामचंद्रन यांच्यासोबत होते गोपीनाथ कर्ता. दोघांचा पेपर ७ ऑगस्ट १९५४ च्या 'नेचर'मध्ये आला. त्यांनी सांगितलं, की कोलॅजनमध्ये तीन साखळ्या शेजारी शेजारी असतात. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, त्यांनी त्यात सुधारणा केली: तिन्ही साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात, तीन पदरांची वेणी किंवा काथ्याचा दोर वळतात तशा.

या वेणीत एक कडक नियम आहे. प्रत्येक तिसरी जागा ग्लायसीन या सगळ्यांत छोट्या अमिनो आम्लाची. वेणीच्या आतल्या बाजूला जागाच इतकी कमी असते, की तिथे दुसरं काही मावत नाही. हे वाचून तुम्हाला वाटेल, याचा माझ्याशी काय संबंध? काही मुलांची हाडं जन्मतःच इतकी ठिसूळ असतात, की साध्या धक्क्याने मोडतात. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा म्हणतात या आजाराला. त्यातल्या अनेक मुलांमध्ये दोष असतो तो एवढाच: कोलॅजनच्या लांबलचक साखळीत एका ठिकाणी ग्लायसीनच्या जागी दुसरं, मोठं अमिनो आम्ल येऊन बसतं. वेणी त्या जागी नीट वळत नाही. स्कर्व्हीमध्ये हिरड्यांतून रक्त येतं आणि जुन्या जखमाही उघडतात, कारण कोलॅजनच्या साखळीवर एक छोटी रासायनिक प्रक्रिया व्हायला व्हिटॅमिन सी लागतं. ती झाली नाही तर वेणी शरीराच्या तापमानाला घट्ट राहत नाही.

श्रेय कुणाचं?

मद्रासचा पेपर आल्यावर केंब्रिजमध्ये अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांनी १९५५ च्या शेवटी आपली रचना प्रसिद्ध केली. हे तेच क्रिक, डीएनएचे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधला गटही याच प्रश्नावर काम करत होता. रिच आणि क्रिक यांचं म्हणणं असं: तीन साखळ्यांची कल्पना ठीक, पण मद्रासच्या रचनेत काही अणू एकमेकांच्या फारच जवळ आले आहेत, एवढ्या जवळ अणू राहू शकत नाहीत. शिवाय साखळ्यांना बांधणारे हायड्रोजन बंध मद्रासवाले दोन म्हणतात, ते प्रत्यक्षात एकच असावेत.

यात बरोबर कोण निघालं? दोन्ही, आपापल्या परीने. १९९४ मध्ये कोलॅजनसारख्या एका छोट्या रेणूची रचना स्फटिकातून अणूपर्यंत स्पष्ट दिसली. तीन साखळ्यांची वेणी होतीच, ग्लायसीनचा नियमही होता. बंधांच्या तपशिलात मात्र रिच आणि क्रिक यांची बाजू खरी ठरली. पाया मद्रासचा, दुरुस्ती केंब्रिजची. गंमत म्हणजे १९९४ च्या त्या रेणूत एका जागी मुद्दाम ग्लायसीन बदललेलं होतं. ठिसूळ हाडांच्या आजारात वेणी कशी बिघडते, हेही त्यातून दिसलं.

आता सायटेशनच्या नजरेने पाहा. पुढच्या काळात कोलॅजनवर लिहिणारे काही जण मद्रासचा पेपर नोंदवत, काही केंब्रिजचा, काही दोन्ही. यादीत नाव येण्यामागे कामाचा दर्जा तर असतोच, पण कोण कुठे बसून लिहितो, कुणाची कुणाशी ओळख आहे, कुठलं नाव पटकन आठवतं, हेही असतं. आकडा फक्त बेरीज दाखवतो. ती कशी झाली, हे तो सांगत नाही.

टीकेतून निघालेली पाच पानं

अणू फार जवळ आले आहेत, ही टीका रामचंद्रन यांना झोंबली. पण त्यांनी भांडणात वेळ घालवला नाही. त्यांनी मुळातला प्रश्न विचारला: दोन अणू जास्तीत जास्त किती जवळ येऊ शकतात? याचं पक्कं उत्तर कुणाकडेच नव्हतं. मग त्यांच्या गटाने तोवर प्रसिद्ध झालेल्या छोट्या रेणूंच्या स्फटिकरचना गोळा केल्या आणि अंतरांची यादी केली.

पुढची पायरी अशी. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. या साखळीत प्रत्येक कडीपाशी वळण्याच्या दोन जागा असतात. त्या वळणांच्या कोनांना फाय आणि साय अशी नावं आहेत. तुमचा हात आठवा. खांदा वाटेल तसा फिरतो, कोपर एका दिशेलाच दुमडतं, आणि काही स्थितींत हात नेताच येत नाही कारण मध्ये स्वतःचंच शरीर येतं. प्रथिनाच्या साखळीचंही तसंच. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी फाय आणि साय यांची एकेक जोडी घेऊन हिशेब केला: या कोनात अणू एकमेकांवर आदळतात का? आदळत नाहीत तो भाग चालणारा, आदळतात तो न चालणारा. एका चौकोनी आलेखावर त्यांनी हे मांडलं. बराचसा चौकोन रिकामा, मोजकीच बेटं भरलेली. म्हणजे साखळीला स्वातंत्र्य दिसतं त्यापेक्षा कितीतरी कमी.

हा पेपर १९६३ मध्ये 'जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी'मध्ये आला. पानं ९५ ते ९९, फक्त पाच. त्या वेळी अणूंपर्यंत उलगडलेली प्रथिनं जगात अगदी बोटांवर मोजण्याइतकी होती. तरीही पुढे जी जी प्रथिनं उलगडत गेली, त्यांचे कोन त्याच बेटांत पडत गेले. आज त्या आलेखाला जगभर 'रामचंद्रन प्लॉट' म्हणतात.

तुमच्या औषधाच्या डब्यापर्यंत हे कसं पोहोचतं? नव्या औषधांपैकी बरीचशी आजारातल्या एखाद्या प्रथिनाचा आकार पाहून घडवली जातात, कुलूप पाहून किल्ली घडवावी तशी. कुलपाचं चित्रच चुकलं तर किल्ली बसणार नाही. म्हणून प्रथिनाची रचना मांडली, की ती रामचंद्रन प्लॉटवर तपासतात. किती टक्के कोन बेटांत आहेत, किती बाहेर? बरेच बाहेर असतील तर कुठेतरी गडबड आहे. जगभरच्या रचना एका सार्वजनिक भांडारात ठेवल्या जातात. १९७१ मध्ये ते सुरू झालं तेव्हा त्यात ७ रचना होत्या, आज दोन लाखांहून जास्त आहेत. प्रत्येक रचनेच्या तपासणी अहवालात हा आकडा असतो. कोविडच्या विषाणूची प्रथिनं २०२० मध्ये उलगडली गेली तेव्हाही याच आलेखावर ती तपासली गेली.

नाव झालं, नोंद पुसली

या पाच पानांना हजारो सायटेशन मिळाली आहेत. रामचंद्रन आणि शशिशेखरन यांनी १९६८ मध्ये लिहिलेल्या दीडशे पानांच्या आढाव्यालाही फार मोठ्या प्रमाणात मिळाली. तरीसुद्धा हा आकडा खऱ्या वापरापेक्षा पुष्कळ कमी आहे. कारण प्लॉट इतका रोजचा झाला, की 'रामचंद्रन प्लॉटवर तपासलं' एवढं लिहून लोक पुढे जातात. मूळ पेपर यादीत टाकायची गरज कुणाला वाटत नाही.

रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने या प्रकाराला नावच दिलं आहे. मराठीत म्हणायचं तर 'सामावून गेल्यामुळे पुसलं जाणं'. एखादी कल्पना इतकी पचनी पडते, की ती कुणाची हे सांगणं थांबतं. मी तुम्हाला एक्स-रे लिहून देतो तेव्हा चिठ्ठीवर राँटगेन यांचं नाव लिहितो का? स्कर्व्हीला लिंबू द्या म्हणताना १७४७ मध्ये जहाजावर प्रयोग करणाऱ्या जेम्स लिंड यांची आठवण काढतो का? सगळ्यांत यशस्वी संशोधनाचं असं होतं. नळाचं पाणी पिताना धरण कुणी बांधलं, ते कुणी विचारत नाही.

भारतीय नावांची आणखी एक अडचण आहे. जी. एन. रामचंद्रन वेगळे आणि मेंदूवर काम करणारे व्ही. एस. रामचंद्रन वेगळे. या पेपरातले सी. रामकृष्णन वेगळे आणि २००९ चं नोबेल मिळवणारे वेंकटरामन रामकृष्णन वेगळे. यंत्राने नुसतं आडनाव आणि आद्याक्षर पाहून मोजणी केली, तर एकाचं पुण्य दुसऱ्याच्या खात्यात सहज जमा होतं.

तुमच्या सीटी स्कॅनमध्येही

रामचंद्रन यांचा तिसरा पेपर बहुतेकांना माहीत नसतो आणि तुमच्यापैकी अनेकांच्या फाइलमध्ये त्याची फळं आहेत.

सीटी स्कॅनमध्ये शरीराभोवती फिरून अनेक दिशांनी क्ष-किरणांच्या सावल्या घेतात. त्या सावल्यांवरून आतला काप कसा असेल, ते गणिताने काढायचं असतं. १९७१ मध्ये रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी यासाठी एक सोपी, जलद गणिती रीत प्रसिद्ध केली. सावल्या नुसत्या परत पसरल्या तर चित्र धूसर येतं. पसरण्याआधी प्रत्येक सावलीवर एक ठरावीक गाळणी चालवली तर ते स्वच्छ येतं. अशी रीत रेडिओ खगोलशास्त्रात ब्रेसवेल यांनी १९६७ मध्ये वापरली होती. पण क्ष-किरणांच्या चित्रांसाठी ती मांडली या दोघांनी. दोघांच्या नावांवरून त्या गाळणीला आजही 'राम-लॅक फिल्टर' म्हणतात. त्याच वर्षी, १ ऑक्टोबर १९७१ ला, लंडनच्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला. हाउन्सफिल्ड यांची सुरुवातीची गणना वेगळ्या रीतीची होती. नंतरच्या यंत्रांत मात्र गाळणीची ही रीत कित्येक दशकं मुख्य राहिली. अलीकडे त्यात नव्या संगणकी पद्धती आल्या आहेत.

१९७९ चं नोबेल हाउन्सफिल्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना मिळालं. कॉरमॅक यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. सीटीमागचं गणित त्यांनी १९६३ आणि १९६४ मध्ये दोन पेपरांत मांडलं होतं. त्याला जवळजवळ काहीच प्रतिसाद आला नाही. पेपरची प्रत मागणाऱ्या मोजक्या पत्रांपैकी एक स्वित्झर्लंडच्या हिमस्खलन संशोधन केंद्राचं होतं, असं त्यांनी पुढे नोबेल व्याख्यानात सांगितलं. म्हणजे त्या काळी कुणी सायटेशन मोजून कॉरमॅक यांच्या कामाला गुण दिले असते, तर ते नापास झाले असते.

रामचंद्रन यांना नोबेल मिळालं नाही. ते १९७७ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९९९ मध्ये स्फटिकशास्त्राचं मानाचं एवाल्ड पारितोषिक मिळालं, तेव्हा पार्किन्सनच्या आजाराने त्यांना घेरलं होतं. ७ एप्रिल २००१ ला चेन्नईत ते गेले.

आकडा फसवतो तो असा

रामचंद्रन यांच्या बाबतीत आकडा कमी बोलला. काही वेळा तो जास्तही बोलतो. तीन उदाहरणं देतो.

पहिलं. 'नेचर'ने २०१४ मध्ये सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या १०० पेपरांची यादी केली. पहिला क्रमांक होता १९५१ च्या, ऑलिव्हर लॉरी यांच्या पेपरचा. द्रावणात प्रथिन किती आहे ते मोजण्याची ती एक रीत. तीन लाखांहून जास्त सायटेशन. डीएनएच्या रचनेचा जगप्रसिद्ध पेपर त्या १०० मध्ये कुठेच नव्हता. म्हणजे रीत सांगणारा पेपर सगळे नोंदवतात. मोठा शोध मात्र पाठ्यपुस्तकात जातो आणि याद्यांतून गळतो.

दुसरं. स्फटिकशास्त्राच्या एका जर्नलमध्ये २००८ साली जॉर्ज शेल्ड्रिक यांनी आपल्या 'शेल-एक्स' या सॉफ्टवेअरचा छोटा इतिहास लिहिला आणि सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी या लेखाचा संदर्भ द्यावा असं सुचवलं. सगळ्यांनी दिला. जर्नलचा 'इम्पॅक्ट फॅक्टर' सुमारे २ होता, तो वर्षभरात जवळजवळ ५० झाला! जर्नलमधले बाकीचे लेख तेवढेच चांगले होते जेवढे आदल्या वर्षी होते. एका लेखाने सगळ्या घराचा पत्ता बदलला.

तिसरं सर्वांत महत्त्वाचं. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने २००१ मध्ये जिवाणूच्या पेशीतल्या एका पंपाची रचना प्रसिद्ध केली. औषधं पेशीबाहेर फेकणाऱ्या पंपांचा हा नातेवाईक. कॅन्सरची औषधं निकामी का होतात, याच्याशी जोडलेला विषय. पेपर 'सायन्स'मधला, तीनशेहून अधिक ठिकाणी उल्लेख झालेला. २००६ मध्ये दुसऱ्या गटाने तशाच पंपाची रचना काढली आणि ती जुळेना. शोध घेतल्यावर कळलं, की त्यांच्या घरगुती प्रोग्रॅमने आकड्यांचे दोन रकाने उलटसुलट केले होते. रचना आरशातल्यासारखी उलटी झाली होती. एकाच चुकीवर उभे असलेले पाच पेपर मागे घ्यावे लागले. संशोधकांनी चूक उघडपणे मान्य केली, ही चांगली गोष्ट. पण तीनशे जणांनी नाव घेतलं म्हणून ती रचना खरी झाली नव्हती.

टीका करण्यासाठी दिलेला संदर्भही सायटेशनमध्येच मोजला जातो, हे लक्षात ठेवा. एमएमआर लस आणि ऑटिझम यांचा संबंध जोडणारा १९९८ चा 'लॅन्सेट'मधला पेपर २०१० मध्ये मागे घेतला गेला. त्याला भरपूर सायटेशन आहेत, आणि त्यातली बरीचशी तो चुकीचा कसा आहे हे सांगणारी.

मग तुम्ही काय करायचं?

कुणी "यावर पेपर आहे" म्हणालं, तर एवढे प्रश्न विचारा.

१. पेपर नेमका कशावर आहे? परीक्षानळीतल्या पेशींवर, उंदरांवर, की तुमच्यासारख्या माणसांवर?

२. माणसांवर असेल तर किती जणांवर? औषध न घेणाऱ्यांशी तुलना केली होती का?

३. मोजलं काय? रक्तातला एखादा आकडा, की दुखणं आणि चालणं?

४. पैसे कुणी दिले? वस्तू विकणाऱ्यानेच दिले असतील तर पेपर खोटा ठरत नाही, पण आपण जरा सावधपणे वाचावा.

५. दुसऱ्या कुणी, वेगळ्या ठिकाणी, तेच करून पाहिलं का आणि तेच निघालं का? सगळ्यांत मोलाचा प्रश्न हा. रामचंद्रन प्लॉट टिकला तो याच कारणाने: जगभरच्या अनोळखी लोकांनी लाखो रचना त्यावर घासून पाहिल्या.

६. पेपर मागे घेतलेला तर नाही ना? हे तुम्हाला पाहता आलं नाही तर आम्हाला विचारा, ते आमचं काम आहे.

सायटेशनचा आकडा या यादीत नाही, ते मुद्दाम. तो आकडा निरुपयोगी आहे असं नाही. किती जणांनी एखाद्या कामाची दखल घेतली, एवढं तो सांगतो. का घेतली आणि तुमच्या गुडघ्याला त्याचा काय उपयोग, हे त्याला ठाऊक नसतं.

काकांचं पुढे काय झालं? त्यांनी ते पत्रक पुन्हा आणलं आणि आम्ही त्यातला पेपर मिळून उघडला. तो कोलॅजनच्या रेणूच्या रचनेबद्दलचा निघाला. पावडर खाऊन कुणाचं दुखणं कमी झालं का, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. पेपर चांगला होता, सायटेशनही खरी होती. फक्त ती पावडरची नव्हती.

मी त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. खाल्लेलं कोलॅजन आधी पोटात पचतं. त्याची अमिनो आम्लं आणि छोटे तुकडे होतात, डाळ किंवा अंड्यातल्या प्रथिनांचे होतात तसेच. रामचंद्रन यांनी दाखवलेली ती तिपदरी वेणी अख्खी उचलून गुडघ्यात जाऊन बसत नाही. शरीर आपली वेणी स्वतः वळतं. त्यासाठी पुरेशी प्रथिनं आणि आवळा, पेरू, लिंबू यांतून मिळणारं व्हिटॅमिन सी लागतं. अशा पावडरींवर माणसांमध्ये काही छोटे अभ्यास झालेले आहेत, काहींना बरं वाटल्याचंही त्यांत आहे. पण मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन कमी करणं यांच्या बाजूने असलेला पुरावा कितीतरी भक्कम आहे. पावडर घ्यायचीच असेल तर घ्या. तिच्यासाठी फिजिओथेरपी बंद करू नका.

काकांनी डबा संपवायचं ठरवलं, दुसरा मागवायचा नाही असंही ठरवलं. सोमवारपासून फिजिओथेरपी पुन्हा सुरू झाली आहे. जाताना त्यांनी विचारलं, "ते रामचंद्रन आपल्याकडचेच ना? मग शाळेत कधी ऐकलं कसं नाही?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. म्हणून हा लेख. पुढच्या वेळी सीटी स्कॅनच्या टेबलावर झोपाल, तेव्हा यंत्र गोल फिरत असताना मद्रासच्या त्या प्राध्यापकांची एकदा आठवण काढा. त्या सायटेशनची नोंद कुठल्याही यादीत होणार नाही, पण चालेल.